चार दिवसांचे बांधकाम, नियम मात्र पक्के

मुंबईत गोरेगावच्या नेस्को संकुलात, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर किंवा पुण्याजवळ मोशी येथे एखादे मोठे प्रदर्शन भरते, तेव्हा प्रेक्षकाला दिसतो तो त्याचा सजलेला चेहरा. मऊ गालिचे, चकचकीत भिंती, उंचावर झळकणारी कंपन्यांची नावे आणि स्वागताला उभी असलेली मंडळी. उद्घाटनाच्या आदल्या रात्री तोच हॉल पाहिला, तर ओळखू येणार नाही. एकीकडे सुतारांच्या करवती चालू असतात, दुसरीकडे रंगारी भिंतीवर शेवटचा हात मारत असतो, शिडीच्या टोकावर उभा राहून वायरमन दिवे अडकवत असतो आणि मधल्या वाटांवर प्लायवुडचे तुकडे, रंगाचे डबे व रिकामी खोकी यांचा खच पडलेला असतो. हातात असतात दोन, फार तर तीन दिवस. तेवढ्या वेळात शंभर-दोनशे लहानमोठी घरे उभी राहतात, काहींना तर वरचा मजलाही असतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ती सारी जमीनदोस्त होतात.

हे सारे तात्पुरते असते, म्हणून त्याचे नियमही तात्पुरते असावेत, अशी एक समजूत या व्यवसायात खोलवर रुजली आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कायमस्वरूपी इमारतीत राहणाऱ्या माणसाला जिना कुठे आणि दार कुठे हे अंधारातही ठाऊक असते. प्रदर्शनात आलेला माणूस तिथे आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचाच आलेला असतो. त्याच्या आजूबाजूला लाकूड, कापड, फोम आणि उघड्यावर टाकलेल्या वायरी यांचे प्रमाण कोणत्याही कार्यालयापेक्षा कितीतरी अधिक असते. गर्दी दाट, वाटा अनोळखी आणि बांधकाम घाईचे, अशा तिन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणूनच जगभरातील प्रदर्शन केंद्रे स्टॉल बांधणाऱ्यांच्या हाती नियमांची जाडजूड पुस्तिका देतात. ती बहुतेक वेळा वाचली जात नाही, हा भाग वेगळा.

या नियमांमागे रिकामटेकड्या अधिकाऱ्याची कल्पनाशक्ती नाही, तर राख आहे. उत्तर प्रदेशातील मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये १० एप्रिल २००६ रोजी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाला आग लागली. प्रदर्शनाचा तो अखेरचा दिवस होता. वातानुकूलित मंडपांवर कृत्रिम धाग्यांचे आच्छादन होते. आगीने ते पाहता पाहता कवेत घेतले. ६५ जणांचा मृत्यू झाला आणि दीडशेहून अधिक जखमी झाले. या प्रकरणाचा न्यायालयीन प्रवास दीर्घ ठरला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एकसदस्यीय आयोगाने चौकशी केली आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी आयोजकांवर ६० टक्के आणि राज्य सरकारवर ४० टक्के अशी विभागली. मंडप आपण नव्हे तर कंत्राटदाराने उभारला होता, हा आयोजकांचा बचाव टिकला नाही. प्रदर्शन भरवणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा मुद्दा लक्षात ठेवावा असा आहे. काम कंत्राटाने देता येते, जबाबदारी देता येत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. शिकागो शहरात सरोवराच्या काठी १९६० साली मॅककॉर्मिक प्लेस हे भव्य प्रदर्शन केंद्र उभे राहिले. पोलाद आणि काँक्रीटची ती इमारत जळूच शकणार नाही, असे मानले जात होते. १६ जानेवारी १९६७ च्या पहाटे गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या एका स्टॉलच्या मागील बाजूस आग दिसली. विजेच्या वायरीतील दोषाकडे बोट दाखवले गेले. प्रदर्शनाच्या मुख्य हॉलमध्ये स्प्रिंकलर नव्हते, आवारातील काही हायड्रंटना पाणी नव्हते आणि छताच्या पोलादी सांगाड्यावर अग्निरोधक आवरण नव्हते. काही तासांत छत कोसळले. एका सुरक्षारक्षकाचा मृत्यू झाला. ही आग प्रेक्षक आत असताना लागली असती तर काय झाले असते, या विचाराने त्या काळी अनेकांची झोप उडाली. इमारत अग्निरोधक असली, तरी आत भरलेला माल आणि स्टॉल अग्निरोधक नसतात, हा धडा तेव्हा मिळाला. नवे मॅककॉर्मिक प्लेस १९७१ मध्ये सुरू झाले.

भिंत पडते कशी?

स्टॉलचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. पहिला प्रकार आयोजकांनी उभारून दिलेल्या चौकटीचा. ॲल्युमिनियमचे खांब, त्यांच्या खाचांत बसवलेले पॅनेल, साधारण अडीच मीटर उंची, तीन बाय तीन मीटरची जागा. व्यवसायात याला 'शेल स्कीम' म्हणतात. यात धोका कमी असतो, कारण प्रत्येक स्टॉल शेजारच्याशी जोडलेला असतो आणि ही रचना वर्षानुवर्षे वापरून पारखलेली असते. दुसरा प्रकार रिकाम्या जागेचा. कंपनी केवळ जमीन भाड्याने घेते आणि तिथे आपल्या मनाप्रमाणे बांधते. अभियांत्रिकी नियमांचा खरा संबंध येतो तो इथे.

हॉलच्या आत वारा नसतो, मग भिंत पडेल कशाने, असा प्रश्न स्टॉल बांधणारे हमखास विचारतात. हॉलच्या आतही ढकलणाऱ्या शक्ती असतात. माल आणण्यासाठी उघडलेल्या प्रचंड दरवाजांतून येणारा झोत, भिंतीला टेकून उभी राहिलेली गर्दी, वळताना धक्का देणारा फोर्कलिफ्ट, शेजारच्या स्टॉलवरून घसरलेली शिडी. जर्मनीतील प्रमुख प्रदर्शन केंद्रांनी यासाठी एक सोपा हिशेब ठरवून दिला आहे. चार मीटर उंचीपर्यंतच्या भिंतीने प्रत्येक चौरस मीटरला सुमारे साडेबारा किलो इतका आडवा दाब सोसला पाहिजे. त्यावरील भागासाठी याच्या निम्मा दाब धरतात.

साडेबारा किलो म्हणजे काहीच नाही, असे वाटते. पण हिशेब करून पाहावा. सहा मीटर लांब आणि चार मीटर उंच अशी नाव लिहिण्याची भिंत घेतली, तर तिचे क्षेत्रफळ २४ चौरस मीटर आणि तिच्यावरील एकूण दाब ३०० किलो होतो. हा दाब सरासरी दोन मीटर उंचीवर काम करतो, म्हणजे भिंत उलथवणारी ताकद ६०० किलोग्रॅम-मीटर. आता भिंतीची स्वतःची ताकद पाहू. दोन्ही बाजूंना प्लायवुड, आत लाकडी चौकट, जाडी दहा सेंटीमीटर आणि वजन समजा ५०० किलो. एवढे वजन असले तरी ते पायाच्या कडेपासून अवघ्या पाच सेंटीमीटरवर आहे. त्यामुळे सावरणारी ताकद भरते जेमतेम २५ किलोग्रॅम-मीटर. म्हणजे हवी तिच्या चोविसाव्या हिश्श्याइतकी. अर्ध्या टनाची ही भिंत दोन माणसांच्या धक्क्यानेही डोलू लागेल आणि एकदा कलली की आपल्याच वजनाने खाली येईल.

अनुभवी सुतार यावर उपाय म्हणून भिंतीच्या दोन्ही टोकांना मागच्या बाजूस दीड मीटरचे पाखे काढतो. ते प्रत्येकी १२५ किलोचे धरले, तर भिंत मागे पडण्याचा धोका टळतो. त्या दिशेने सावरणारी ताकद साडेनऊशेच्या घरात जाते. परंतु पुढच्या दिशेने, म्हणजे प्रेक्षक ज्या वाटेवरून चालत असतात त्या बाजूला, ती केवळ २४० च्या आसपास राहते. ज्या बाजूला माणसे आहेत, नेमक्या त्याच बाजूला भिंत कमकुवत! पाख्यांच्या मागच्या टोकाशी लोखंडी वजने ठेवणे, भिंत खालच्या लाकडी चौथऱ्याशी बोल्टने जखडणे किंवा समोरासमोरच्या भिंती वरून तुळईने जोडणे, असे मार्ग मग काढावे लागतात. हॉलच्या जमिनीत खिळे ठोकण्यास वा भोके पाडण्यास बहुतेक ठिकाणी बंदी असते, त्यामुळे पाया खणण्याचा प्रश्नच येत नाही. सारा तोल वजनावर आणि आकारावर साधायचा असतो. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांचा आहे. तो न करता केवळ 'आजवर काही झाले नाही' या बळावर शेकडो भिंती उभ्या राहतात, हे चित्र चिंताजनक आहे.

मोकळ्या मैदानावर तर वारा हाच मुख्य शत्रू. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात शहरवार वाऱ्याचा मूळ वेग दिला आहे. मुंबईसाठी तो सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर आहे, पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. तात्पुरत्या बांधकामांना संहिता काही सूट देते. ती धरूनही मुंबईतील सहा बाय तीन मीटरच्या फ्लेक्स फलकावर एक टनाच्या आसपास भार धरावा लागतो. बांबू आणि सुतळीच्या भरवशावर तो पेलणार नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. तो फलक प्रदर्शनातला नव्हता, पण हिशेब तोच होता. व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांनी केलेल्या पाहणीत त्याचा पाया ताशी ४९ किलोमीटर वाऱ्यापुरताच असल्याचे निष्पन्न झाले. आवश्यक होता १५८. या दोन वेगांतील दाबाचा फरक दहापटीहून अधिक आहे. फलक, कमान, प्रवेशद्वार, कंपनीच्या नावाचा मनोरा या साऱ्यांना हेच गणित लागू होते.

वरचा मजला आणि झाकलेले छत

अलीकडे स्टॉलवर पोटमाळा काढण्याची हौस वाढली आहे. खाली यंत्रे, वर ग्राहकांशी बोलणी. जागेचे भाडे चौरस मीटरवर आकारले जाते, तेव्हा वर चढण्यात व्यवहारही आहे. पण या मजल्यावर कोण आणि किती माणसे चढतील याचा भरवसा नसतो. भारतीय मानकानुसार राहत्या घराच्या खोलीसाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात, तर स्थिर आसने नसलेल्या सभास्थानांसाठी ५०० किलो. म्हणजे २० चौरस मीटरच्या छोट्याशा पोटमाळ्याची रचना दहा टनांसाठी करावी लागते. चहापानाच्या वेळी सगळे पाहुणे एकाच कठड्याशी गोळा होतात, तेव्हा हा आकडा अवास्तव वाटत नाही. कठडाही शोभेचा असून चालत नाही. जर्मन केंद्रांत त्याची उंची किमान १.१० मीटर मागितली जाते. ब्रिटनमधील केंद्रांच्या संयुक्त नियमावलीत चार मीटरपेक्षा उंच स्टॉल, दोन मजली स्टॉल आणि टांगलेल्या रचना यांना 'गुंतागुंतीची रचना' असे नाव असून, त्यांचे आराखडे व आकडेमोड स्वतंत्र अभियंत्याकडून तपासून घेतल्याशिवाय बांधकामास परवानगी मिळत नाही. आपल्याकडील मोठी केंद्रेही ठरावीक उंचीपुढे आणि पोटमाळ्यासाठी संरचना अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र मागतात.

छताचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण त्यातला धोका डोळ्यांना दिसत नाही. स्टॉल खोलीसारखा दिसावा, दिवे लपवता यावेत यासाठी वरून कापड वा प्लायवुडचे छत घातले जाते. हॉलच्या खऱ्या छताला लावलेल्या स्प्रिंकलरमध्ये एक काचेची कुपी असते. तिच्यातील द्रव तापून, सर्वसाधारण प्रकारात ६८ अंश सेल्सिअसच्या सुमारास, ती फुटते आणि पाणी सुटते. आता मध्ये दुसरे छत आले की आगीची धग वर पोहोचायला उशीर लागतो. धूर स्टॉलमध्येच कोंडतो, त्यामुळे धूरसूचकही गप्प बसतो. शेवटी पाणी सुटले तरी ते त्या खोट्या छतावर पडते आणि आग खाली सुखाने जळत राहते. यामुळेच अमेरिकी संहितेत ३०० चौरस फुटांहून मोठ्या झाकलेल्या स्टॉलला स्वतःचे स्प्रिंकलर बसवण्याची अट आहे. आपल्याकडे पुष्कळ आयोजक पूर्ण बंद छताला मनाई करतात किंवा जाळीदार कापडच वापरू देतात. 'एवढ्याशा कापडाने काय होते' असे म्हणणाऱ्या सजावटकाराला हे कारण कुणी समजावून सांगत नाही. नियम सांगितला जातो, त्यामागचे शास्त्र नाही. वाद होतात ते तिथे.

काय जळते आणि किती लवकर

स्टॉलमधील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक वस्तू म्हणजे थर्माकोल. अक्षरे कापायला सोपे, वजनाला हलके. आग लागली की ते वितळते, जळते थेंब खाली सांडते आणि काळा धूर सोडते. महाराष्ट्रात २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत सजावटीच्या थर्माकोलवर पर्यावरणाच्या कारणाने बंदी आली. अग्निसुरक्षेच्या बाजूनेही ती उपकारकच ठरली. फोमच्या गाद्या, कृत्रिम गवत, प्लॅस्टिकची फुले, साधे फ्लेक्स यांचीही गणना याच कुळात होते. साधे कमर्शियल प्लायवुडही सहज पेटते. त्याऐवजी भारतीय मानक ५५०९ नुसार बनवलेले अग्निरोधक प्लायवुड वापरता येते. ते महाग पडते आणि जाणत्या नजरेशिवाय साध्या प्लायवुडपासून ओळखू येत नाही, त्यामुळे देयकावर एक आणि भिंतीत दुसरे, असेही घडते. युरोपात साहित्याच्या अग्निवर्गाचे प्रमाणपत्र स्टॉलवरच ठेवावे लागते. जर्मनीत 'बी-१' हा दर्जा बहुतेक सजावट साहित्याला आवश्यक असतो. हॅनोव्हर वा फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात भाग घेणाऱ्या पुण्या-मुंबईच्या उद्योजकांना याची कल्पना असते. तेथे निरीक्षकाला कागद दाखवता आला नाही, तर कापड खाली उतरवावे लागते, मग ते कितीही सुंदर असो.

मंडपांसाठी आपल्याकडे भारतीय मानक ८७५८ आहे. कृत्रिम धाग्याचे कापड व दोर वापरू नयेत, छत किमान तीन मीटर उंच असावे, विजेच्या चालू तारांखाली मंडप घालू नये, अशा त्यातील सूचना गणेशोत्सवाच्या मंडळांनाही परिचित आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेत प्रदर्शनाचे हॉल 'सभास्थान' या वर्गात मोडतात आणि बाहेर पडण्याच्या मार्गापर्यंतचे अंतर सर्वसाधारणपणे ३० मीटरांहून अधिक नसावे अशी अपेक्षा असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा हॉलच्या मालकावर आणि भोगवटादारावर अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याचे बंधन घालतो. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. पण हॉलची यंत्रणा कितीही चोख असली, तरी हायड्रंटच्या पेटीसमोर कुणीतरी माहितीपत्रकांची खोकी रचली की ती असून नसल्यासारखी होते. ही खोकी स्टॉलच्या मागील फटीत, नेमकी वायरींच्या शेजारी लपवण्याची सवय तर सार्वत्रिक आहे. शिकागोची आग स्टॉलच्या मागेच दिसली होती, याची आठवण इथे व्हावी.

विजेच्या बाबतीत सगळ्यात मोठा दोष म्हणजे मागितलेला आणि वापरलेला भार यांतील तफावत. कंपनी अर्जात तीन किलोवॉट लिहिते, कारण आकार त्यावर ठरतो. प्रत्यक्षात शेवटच्या दिवशी कॉफीचे यंत्र, मोठा पडदा, छोटा फ्रिज आणि आणखी चार दिवे येतात. एका सॉकेटमधून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा एक्सटेन्शन बोर्ड निघतो. एलईडी दिव्यांमुळे पूर्वीच्या हॅलोजनची भाजणारी उष्णता गेली, हे खरे. मात्र दिव्यांची संख्या वाढली, प्रत्येकाबरोबर एक ड्रायव्हर आला आणि जोडांची संख्याही वाढली. आग बहुधा वायरीत नव्हे, तर ढिल्या जोडात जन्म घेते. तिथला विरोध वाढतो, उष्णता साठते आणि गालिच्याखाली वा कापडामागे ती कुणाला जाणवत नाही. एमसीबी मोठा भार झाल्यावर तुटतो, पण ढिल्या जोडातील उष्णता त्याला कळत नाही. म्हणून जोड उघड्यावर पिळून टेप गुंडाळण्याऐवजी बंद पेटीत कनेक्टरने करावेत असा आग्रह असतो.

माणसाला बसणाऱ्या धक्क्यासाठी वेगळे उपकरण लागते. ३० मिलिअँपिअर इतकी अल्प गळती ओळखून क्षणार्धात प्रवाह तोडणारा आरसीसीबी प्रत्येक स्टॉलच्या पेटीत असणे आता बहुतेक ठिकाणी बंधनकारक आहे. त्याच्या जोडीला अर्थिंग हवे. स्टॉलचा ॲल्युमिनियमचा सांगाडा, दिवे टांगलेला लोखंडी ट्रस, यंत्राचे अंग, हे सारे अर्थिंगला जोडलेले नसेल, तर एका सोललेल्या वायरीमुळे पूर्ण चौकटीत वीज खेळते. मुले, वृद्ध, हात टेकवून उभे राहणारे प्रेक्षक यांचा विचार करता यात तडजोडीला जागा नाही. तरीही दोन तारांची वायर वापरून तिसरीचा खर्च वाचवणारे महाभाग आढळतात.

वाटांचा नियम सांगायला सर्वांत सोपा आणि पाळायला सर्वांत कठीण. स्टॉलची हद्द जमिनीवर आखलेली असते. टेबल थोडे पुढे, फलक आणखी थोडा पुढे, समोरच्याने केले म्हणून आपणही, असे करत तीन मीटरची वाट दोन मीटरची होते. जर्मनीत १०० चौरस मीटरहून मोठ्या स्टॉलला एकमेकांपासून दूर असे दोन बाहेर पडण्याचे मार्ग ठेवावे लागतात. आपल्याकडील चकचकीत स्टॉल मात्र 'ग्राहक आत आला की रेंगाळला पाहिजे' या विचाराने भुलभुलैयासारखे रचले जातात. १४ फेब्रुवारी २०१६ रोजी 'मेक इन इंडिया' सप्ताहातील कार्यक्रमात गिरगाव चौपाटीवरील रंगमंचाला खालच्या बाजूने आग लागली आणि बघता बघता पूर्ण रंगमंच पेटला. जीवितहानी झाली नाही. प्रेक्षक उघड्या वाळूवर होते, ही त्यातील मोठी जमेची बाजू. बंदिस्त हॉलमध्ये तेवढी मोकळीक कुठून आणायची?

नियम आहेत, मानके आहेत, मग घोडे अडते कुठे? एक कारण वेळापत्रकाचे आहे. आराखडे महिनाभर आधी द्यावेत असे आयोजक सांगतात. कंपनीचे वरिष्ठ मात्र रचना पसंत करतात ती आठवडाभर आधी. मग आकडेमोड करायला वेळ उरत नाही आणि प्रमाणपत्र 'मिळवले' जाते. आराखडा न पाहता, जागेवर न जाता, ठरलेल्या मजकुराच्या कागदावर सही-शिक्का देणारे अभियंते या व्यवसायात आहेत, हे सर्वजण जाणतात. दुसरे कारण पैशाचे. स्टॉलच्या देखाव्यावर लाखो रुपये खर्च करणारी कंपनी अभियंत्याच्या काही हजारांवर घासाघीस करते आणि फॅब्रिकेटर एकरकमी दरात सारे बसवताना प्रथम कात्री लावतो ती न दिसणाऱ्या गोष्टींना, म्हणजे चौकटीच्या लाकडाला, बोल्टना, अर्थिंगच्या तारेला. तिसरे कारण निरीक्षकाचे एकाकीपण. उद्घाटनाच्या आदल्या रात्री एका मोठ्या प्रायोजकाच्या स्टॉलचा वीजपुरवठा रोखण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो, पण तो वापरला तर पाठीशी कोण उभे राहील, याची खात्री त्याला नसते. ज्या केंद्रांनी ही खात्री दिली आणि अनामत रक्कम जप्त करण्याचे धाडस एक-दोनदा दाखवले, तिथले स्टॉल पुढच्या वर्षी आपोआप सुधारले, असा या क्षेत्रातील जाणकारांचा अनुभव आहे.

प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची एवढी चर्चा होत असताना स्टॉल उभारणाऱ्या कामगाराकडे मात्र दुर्लक्ष होते. अनेकजण सलग दोन रात्री जागतात आणि तिसऱ्या रात्री त्याच हॉलमध्ये प्लायवुडच्या तुकड्यावर आडवे होतात. पायात चप्पल, डोक्यावर काही नाही, शिडी दोघांत एक. बंद हॉलमध्ये थिनरयुक्त रंगाचा फवारा मारला जात असताना शेजारी वेल्डिंग चालू असल्याचे दृश्यही दुर्मीळ नाही. याच कारणाने फवाऱ्याने रंगकाम आणि वेल्डिंग हॉलबाहेर करून आणावे, असा नियम चांगली केंद्रे घालतात. कार्यशाळेत तयार केलेले भाग आणून केवळ जोडण्याची पद्धत रुळली, तर हॉलमधील काम निम्म्यावर येईल आणि भाग पुन्हा वापरताही येतील. एका प्रदर्शनानंतर ट्रक भरभरून प्लायवुड भंगारात जाते, तेही वाचेल.

सर्वाधिक अपघातप्रवण काळ उभारणीचा नव्हे, तर मोडणीचा. अखेरच्या दिवशी संध्याकाळी सहाला प्रदर्शन संपते आणि सकाळपर्यंत हॉल रिकामा हवा असतो, कारण पुढचे प्रदर्शन दारात उभे असते. प्रेक्षक पूर्ण बाहेर पडण्यापूर्वीच ट्रॉल्या आत शिरतात. उभारताना क्रम असतो. मोडताना ज्याच्या हाताला जो स्क्रू लागेल तो निघतो. ज्या दोन भिंतींनी एकमेकींना धरून ठेवलेले असते, त्यांतील एक काढली की दुसरी निराधार होते, हे ती उभारणाऱ्या टोळीतील कुणालाच आठवत नाही. पुष्कळदा मोडणारी टोळीच वेगळी असते. म्हणून स्थैर्याच्या आराखड्याबरोबरच मोडणीचा क्रमही लिहून देण्याची पद्धत काही ठिकाणी सुरू झाली आहे. आधी हॉलच्या मुख्य पेटीतून स्टॉलची वीज तोडायची, मग काच व टांगलेल्या वस्तू उतरवायच्या, त्यानंतर वरचा मजला, नंतर तुळया, आणि पाख्यांना हात लावायचा तो भिंत दोरांनी व माणसांनी धरल्यावरच. हा कागद एका पानाचा असतो आणि तो टोळीच्या मुकादमाच्या भाषेत, मराठीत किंवा हिंदीत, लिहिलेला असावा लागतो. बहुतेक पुस्तिका अजूनही इंग्रजीतच छापल्या जातात.